गव्हाणीतले ओव्याचे तेल

कोवळे, ओले गवत अधाशीपणे खाऊन गाईची डावी कूस नगाऱ्यासारखी ताठ झाली, की गोडेतेलात थोडे टर्पेंटाइन मिसळून ते बांबूच्या नळकांड्याने तिच्या घशाखाली उतरवण्याचा उपाय मी लहानपणी पाहिला आहे. त्या दिवशीच्या दुधालाही त्याचा उग्र दर्प येई. टर्पेंटाइन हे चीड वृक्षाच्या राळेतून निघणारे बाष्पनशील तेल, आणि पोट धरलेल्या जनावराला घरोघरी चारला जाणारा ओवा हाही तसल्याच तेलाचा साठा. तेव्हा पशुखाद्यात प्रतिजैविकांऐवजी सुगंधी तेले घालावीत, ही सूचना छत्रपती संभाजीनगरच्या पंचक्रोशीतील गोपालकाला परकी वाटण्याचे कारण नाही.

निरोगी जनावराची वाढ जोमाने व्हावी, एवढ्याच हेतूने रोजच्या खाद्यातून प्रतिजैविकाची अल्प मात्रा देण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाली. आणि अपुऱ्या मात्रेने जंतू मरण्याऐवजी औषधाला सरावतात, हा इशारा तर पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच देऊन ठेवला होता. स्वीडनने १९८६ साली, व युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून, ही प्रथा बंद केली. माणसाच्या अखेरच्या उपायांत गणल्या जाणाऱ्या कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा पशुखाद्यातील वापर भारत सरकारने २०१९ साली हुकूम काढून मना केला.

ओव्यातील थायमॉल किंवा लवंगेतील युजेनॉल जंतूच्या पेशीचे आवरण भेदते, हे खरे. परंतु गाईचे पहिले पोट म्हणजे जंतूंचेच राज्य, आणि कडब्यासारखी काष्ठमय वैरण पचवण्याचे काम तेच जंतू करीत असल्यामुळे, मात्रा वाढली की उपद्रवी जंतूंबरोबर उपकारकही मारले जातात, तर मात्रा बेताची ठेवल्यास काही आठवड्यांत ते तेलाला सरावून गुण ओसरू शकतो. काचनळीतले यश गोठ्यात टिकेलच असे नाही.

शिवाय दोन-चार गाईंच्या आपल्या गोठ्यात प्रतिजैविक शिरते ते बहुधा खाद्याच्या पोत्यातून नव्हे, तर दगडी झालेल्या सडात सोडलेल्या औषधाच्या नळीतून. त्यानंतर ठरावीक दिवस दूध वेगळे काढावे लागते; ते तसेच विकले गेले, तर कुठल्याशा घरी विरजण लागत नाही आणि गृहिणी विरजणालाच बोल लावते.

म्हणून परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयाने देवणी आणि लाल कंधारी गाईंवर, आपल्याच ज्वारीच्या कडब्यासह व सरकीच्या पेंडीसह, वर्षभर या तेलांची कसोटी घ्यावी. पशुखाद्याच्या पोत्यावर प्रत्येक औषधी जिन्नस मात्रेसह मराठीत छापण्याची सक्ती सरकारने करावी. दूध संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (स्निग्धेतर घनपदार्थ) पाहून दर ठरतो. त्या दराच्या पावतीवर प्रतिजैविकाच्या अंशाचाही रकाना असावा, आणि तो निरंक राखणाऱ्या शेतकऱ्याला लिटरमागे वाढीव पैसे मिळावेत.