रायफल घ्यावी कोणती, आणि ठेवावी कशी

कल्याणच्या पारनाक्याकडील एका वाचकांचे पत्र आमच्यापुढे आहे. कुटुंब एकत्र, मुरबाड तालुक्यात थोडी भातजमीन, आणि पीक दाण्यावर आले की रानडुकरांचा धुमाकूळ. त्यांचे पुतणे काही वर्षे अमेरिकेत काढून आता कायमचे परत येत आहेत. तिकडे त्यांनी तरफेची रायफल हाताळली. ती तेथे मध्यम प्राप्तीच्या माणसासही परवडते, पिढ्यान् पिढ्या टिकते आणि चालविण्यास सोपी, असे त्यांचे सांगणे. तेव्हा तशी एक स्वस्त व मजबूत रायफल शेतीच्या रक्षणार्थ घ्यावयाची आहे, कोणती घ्यावी, असा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी, जाता जाता, आणखी एक ओळ आहे. आजोबांची एक जुनी विंचेस्टर माळ्यावरील ट्रंकेत पडून आहे, तीच साफ करून घेतली तर चालेल काय? आजोबांस जाऊन एकोणीस वर्षे झाली. पत्रलेखकांचे नाव आम्ही छापीत नाही. का, ते पुढे ध्यानात येईल.

शाळेत राष्ट्रीय छात्रसेनेच्या रायफली मोजून देणे व मोजून परत घेणे हे काम पुष्कळ वर्षे आमच्याकडे होते. त्यामुळे या वस्तूशी आमची ओळख आहे ती शौकाची नसून जबाबदारीची आहे, आणि उत्तरही त्याच दृष्टीने देत आहोत.

ज्यांनी तरफेची रायफल पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चापाभोवती संरक्षणार्थ जे लोखंडी कडे असते तेच मागे लांबवून त्यात बोटे शिरतील असे वळे केलेले असते. ते खाली व पुढे ढकलले की रिकामे काडतूस बाहेर उडते आणि घोडा चढतो. परत वर घेतले की नवे काडतूस नळीत बसते. हे सर्व बंदूक खांद्यावरून न काढता होते, आणि डावखुऱ्यासही तितकेच साधते. बहुतेक नमुन्यांत मुख्य नळीखाली दुसरी बारीक नळी असून तीत काडतुसे एकामागे एक अशी ओळीने भरलेली असतात. १८६० साली हेन्री नामक कारागिराने अशा रायफलीचे पेटंट घेतले. पुढे विंचेस्टर कंपनीने ती जगभर नेली. ब्राउनिंग या बुद्धिमान शोधकाने त्या कंपनीसाठी केलेला १८९४ चा नमुना इतका लोकप्रिय झाला की २००६ साली न्यू हेवन येथील कारखाना बंद पडेपर्यंत त्याचे सत्तर लाखांहून अधिक नग निघाले होते. आज विंचेस्टरच्या नावाची तरफेची रायफल जपानात बनते. मार्लिन हे दुसरे जुने नाव २०२० साली दिवाळखोरीत विकले गेले व रूगर कंपनीकडे आले. आणि ब्राझीलची रॉसी कंपनी १८९२ च्या नमुन्याची नक्कल कमी किमतीत देते. पुतण्यांनी तिकडे जे पाहिले ते या दृष्टीने खोटे नाही.

परंतु गुणांबरोबर दोषही पाहिले पाहिजेत. काडतुसे ओळीने बसतात म्हणजे एकाच्या गोळीचे टोक पुढच्याच्या टोपीस टेकलेले असते. टोकदार गोळी वापरली तर धक्क्याने स्फोट व्हावयाचा. म्हणून या रायफलींस चपट्या नाकाची गोळी लागते, आणि तिचा वेग हवेत लवकर मंदावतो. १८९५ च्या नमुन्यात काडतुसांची पेटी खाली बसविल्यामुळे हा दोष गेला. थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेस गेले तेव्हा त्यांच्यापाशी.४०५ बोअरची तीच रायफल होती. गृहस्थाच्या दृष्टीने खरा दोष मात्र निराळाच आहे. नळीची पेटी असलेली ही रायफल रिकामी करावयाची म्हणजे सामान्यतः प्रत्येक काडतूस तरफेने नळीत आणून बाहेर टाकावे लागते. दमून घरी आलेला माणूस, बाजूस खेळणारी मुले, आणि घोडा चढलेली बंदूक! मोजण्यात एकाची चूक झाली की पुढचे काय बोलावे? शिवाय तिचा मागचा अडणा हत्याराशिवाय निघत नाही. उलट बोल्टच्या रायफलीचा बोल्ट हाताने, क्षणभरात निघतो. तो एका कपाटात कुलूपबंद ठेवावा, रायफल दुसऱ्यात, काडतुसे तिसऱ्यात आणि किल्ल्या निरनिराळ्या ठिकाणी. मग घरातील दहा वर्षांच्या मुलाने ती हाती घेतली तरी ती एक जड काठीच. एकत्र कुटुंबास रायफल घ्यावयाचीच असेल तर तरफेपेक्षा बोल्टची बरी, असे आमचे मत होण्यास एवढे एकच कारण पुरे आहे.

आता स्वस्ताईविषयी. जी वस्तू अमेरिकेत परवडते ती येथे परवडत नाही, कारण खासगी आयात बहुतांशी बंद आहे. येथे फिरतात त्या परदेशी रायफली पूर्वी आलेल्या, एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या, आणि म्हणून जुन्या असूनही महाग. कायमचे परतणाऱ्यास, परदेशात वर्षभर स्वतः वापरलेली एक बंदूक अटींवर आणता येते; परंतु येथला परवाना लागतोच, जकात जबर, आणि पुढे ती विकता येत नाही. पुतण्यांनी सामानात रायफल बांधण्यापूर्वी हे नीट विचारून घ्यावे.

स्वदेशी पर्याय म्हणजे ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची बोल्ट रायफल. हे बोअर कोठून आले ते मौजेचे आहे. इंग्रज सरकारला भीती होती की सैन्याच्या मापाची काडतुसे शिकाऱ्यांकडून बंडखोरांच्या हाती जातील. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी लष्करी मापाच्या रायफली खासगी हातांस बंद केल्या. मग सैन्याच्या कोणत्याही रायफलीत बसणार नाही असे काडतूस शोधता शोधता ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचे आठ मिलिमीटरचे माप पुढे आले; तेच .३१५. राज्य गेले, १८७८ चा तो अपमानास्पद शस्त्रकायदा गेला, १९५९ चा नवा कायदा आला, पण ते माप राहिले. त्याच्या काडतुसाच्या बुडाशी 'के. एफ.' अशी अक्षरे असतात. म्हणजे आपले खडकीचेच. २०२१ पासून हे कारखाने सरकारी कंपन्यांत विभागले गेले आहेत. रायफल दिसावयास ओबडधोबड आहे खरी, परंतु तिची काडतुसे देशात बनतात. विंचेस्टरच्या .३०-३० किंवा .४०५ काडतुसांची शोधाशोध करणाऱ्यास या एका गोष्टीचे मोल कळेल.

तथापि आमचा पत्रलेखकांस सल्ला असा की रायफलच घेऊ नये. कायद्याचा कल आधी पाहा. वीस इंचांहून आखूड नसलेल्या साध्या नळीच्या बंदुकीचा परवाना संरक्षणार्थ किंवा खेळासाठी तुलनेने सुलभ आहे. रायफलीसाठी सबळ कारण पटवून द्यावे लागते. त्यातही हेतू समजण्याजोगा आहे. रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते, आणि मुरबाडकडील शेतापासून एवढ्या टापूत एखादा पाडा नाही असे कोठे आढळेल? रात्री, बांधावर, हलत्या डुकरावर झाडलेली चुकार गोळी कोणाच्या ओसरीवर पडेल ते सांगता यावयाचे नाही. बारा बोअरचे छर्रे काही शे मीटरांत गळून पडतात.

शिकारीचे म्हणाल तर तो प्रश्नच उरलेला नाही. मनूने मृगया ही कामज व्यसनांत पहिली गणली; शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापती तिचेच गुण गातो, आणि बिचारा विदूषक तिच्या नावाने कण्हत असतो. हा जुना वाद १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व १९९१ च्या दुरुस्तीने मिटविला. रानडुक्कर कितीही उपद्रवी असले तरी मुख्य वन्यजीवरक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी यांच्या लेखी आज्ञेशिवाय त्यास मारता येत नाही, आणि मारल्यावर ते सरकारजमा होते. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते. पंचनामा वेळेवर झाला पाहिजे एवढेच. बंदुकीच्या निम्म्या खर्चात बांधावर सौर कुंपण होत असेल तर त्याचा विचार आधी करावा.

ठाण्यातील वाचकांसाठी येथेच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती फार थोड्यांस ठाऊक असते. अभयारण्य अथवा राष्ट्रीय उद्यान यांपासून दहा किलोमीटरांच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यावयाचा तर मुख्य वन्यजीवरक्षकांची पूर्वसंमती लागते, आणि आधीपासून परवाना असलेल्यांसही त्यांच्याकडे नोंद करावी लागते. येऊरचे रान म्हणजे राष्ट्रीय उद्यानच. तेव्हा ठाणे शहर या कक्षेत येते. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील रहिवाशांचा अर्ज ठाण्याच्या पोलीस आयुक्तांकडे, तर मुरबाडच्या रहिवाशाचा जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. वय एकवीस पूर्ण हवे, शस्त्र हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला हवा, ते सुरक्षित ठेवण्याचे लेखी वचन हवे. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा असतो व एका माणसास दोनच शस्त्रे बाळगता येतात.

घरातील तरुणास केवळ नेम धरण्याची हौस असेल तर ती मुळीच वाईट नाही. उलट चित्त स्थिर करणारी इतकी दुसरी विद्या आम्हांस माहीत नाही. त्याने वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनसारख्या ठिकाणी हवेच्या रायफलीपासून आरंभ करावा. कोल्हापूरकडील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले, ते अशा शिस्तीतूनच.

आता माळ्यावरची ट्रंक. पत्रलेखकांनी जी ओळ सहज लिहिली तिच्यामुळेच आम्ही या विषयास एवढी जागा दिली. आजोबांचा परवाना आजोबांबरोबर संपला. त्या दिवसापासून ती रायफल घरात असणे म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणे. आणि त्यास आज किमान दोन वर्षे, कमाल पाच वर्षे कारावासाची शिक्षा सांगितली आहे. ट्रंकेस कुलूप होते, गोळी कधी झाडली नाही, कोणास ठाऊकच नव्हते, या सबबी न्यायालयात किती उपयोगी पडतील? एकत्र घरात तर ही आपत्ती नेमकी कोणाच्या माथी येईल हेही सांगता येत नाही. किल्ली ज्याच्या हाती त्याच्या, की घर ज्याच्या नावावर त्याच्या? असली घरे ठाण्यापासून बदलापूरपर्यंत पुष्कळ असतील असा आमचा संशय आहे. खंडेनवमीस ट्रंक उघडतात, नळीस हळदकुंकू व झेंडू वाहतात, पुतणे मंडळी तिच्यासह छायाचित्र काढून नातेवाइकांस धाडतात, आणि पुन्हा वर्षभर झाकण बंद. (ओल्या कुंकवाने लोखंड गंजते ते निराळेच.)

कायद्यात वाट आहे. शस्त्र बाळगणे बेकायदा ठरताच ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावे, असे कलम आहे. आणि वारसास पुढे परवाना मिळाल्यास ते परत घेण्याची किंवा विकण्याची मुभा आहे. वारसाने परवान्यासाठी अर्ज करावा, इतर वारसांची लेखी संमती जोडावी. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी तर इतके थांबूच नये: परवानाधारकाचे वय सत्तर झाले, अथवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्यापाशी राहिले, की त्यास आपल्या हयातीतच वारस नेमून शस्त्र त्याच्या नावे करण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. त्या एका अर्जाने पुढच्या पिढीचा केवढा घोर वाचतो!

एकोणीस वर्षांस कोणी विनाविलंब म्हणणार नाही. म्हणून पत्रलेखकांनी प्रथम फौजदारी कामे करणाऱ्या जाणत्या वकिलाची गाठ घ्यावी, आजोबांचा जुना परवाना व मृत्यूचा दाखला शोधावा, आणि त्याच्या सल्ल्याने लेखी अर्जासह स्वतःहून ठाण्यात जावे. रायफल पिशवीत घालून लोकलने नेण्याचे धाडस करू नये. नळीवरील बोअर व क्रमांक उतरवून घ्यावा, पावतीवर तोच क्रमांक आहे ना हे पाहावे. तरफ हलवून 'आत काही आहे का' ते घरातील कोणीही पाहू नये. ते काम जाणकाराचे. ट्रंकेच्या तळाशी काडतुसांचा डबा असेल तर तोही त्याच अर्जात नमूद करावा. कारण काडतुसांसही परवाना लागतो, आणि बहुतेक घरांत माळा झाडताना नेमका तोच मागे राहतो.