उठता येण्याचा हक्क

आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाची बैठक नेहमीप्रमाणे समाजमंदिरात, सतरंजीवर होती. विषय रेशनचा होता. बैठक संपली, बायका उठल्या, चपला शोधू लागल्या. एक मावशी मात्र बसूनच राहिल्या. वय बासष्ट-त्रेसष्ट, अंगानं जाड. आधी एक हात जमिनीला टेकला, मग दुसरा, मग गुडघ्यावर रेलून पाहिलं, जमेना. शेवटी दोघींनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "मावशी, भाकरी जरा कमी करा आता!" सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या. खरं सांगायचं तर मीही हसले.

पुढच्या बैठकीला मावशी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. घरी गेले तेव्हा म्हणाल्या, "तिथं खाली बसावं लागतं गं. उठताना फजिती होते." रेशन दुकानदाराच्या तोंडाला तोंड देणारी, तहसीलवरच्या प्रत्येक मोर्चात पुढे असणारी ही बाई केवळ जमिनीवरून उठता येत नाही म्हणून संघटनेतून गळाली होती. आम्हांला त्याचा पत्ताही नव्हता. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. त्या दिवसापासून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं होतं. "वजन उतरवायचंय."

आमच्या हसण्याचा हा परिणाम होता. आणि तो औषध म्हणून नव्हे, विष म्हणूनच काम करणार होता. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

मावशींच्या दिवसाचा हिशेब आम्ही दोघींनी बसून मांडला. सकाळी चहा-टोस्ट. दुपारी दोन भाकऱ्या, भाजी. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री भात आणि तळाशी उरलेलं वरण, तेही आता बंद. सोमवार आणि चतुर्थीला साबुदाणा. एका ज्वारीच्या भाकरीत साधारण पाच ग्रॅम प्रथिनं असतात. सगळं मिळून बेरीज तिशीच्या पुढे जाईना. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० मध्ये प्रौढ माणसासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात असं ठरवलं आहे, म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. म्हातारपणी शरीर प्रथिनांचा वापर कमी कार्यक्षमतेनं करतं, म्हणून वृद्धांसाठी किलोमागे एक ते १.२ ग्रॅम हवीत असं अनेक तज्ज्ञ सांगतात. थोडक्यात, जिला आम्ही "खातीपिती" समजून हसलो, ती बाई अर्धपोटी होती. पोट भाकरी-भातानं भरत होतं, पण स्नायू उपाशी होते.

वयाबरोबर स्नायू झडण्याच्या या प्रकाराला १९८९ मध्ये अमेरिकेतले आहारतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' असं नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाची उणीव. तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण तीन ते आठ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. म्हणजे हे लिहिणारी, तिशीतली मीही त्याच उतारावर उभी आहे. बाईच्या बाबतीत पाळी थांबल्यावर उतार आणखी तीव्र होतो. हाडं ठिसूळ होतात आणि चरबी पोटाकडे सरकते.

स्नायूंची झीज आणि लठ्ठपणा एकाच शरीरात येतात तेव्हा दोघं एकमेकांना पोसतात. स्नायू कमी झाले की शरीर कमी ऊर्जा खर्च करतं, चरबी साठते. पोटातली चरबी शरीरात मंद दाह चालू ठेवते, त्यानं स्नायू आणखी खंगतात. खुद्द स्नायूंच्या आतही चरबी शिरते. जड शरीर कमकुवत पायांवर पेलायचं म्हणजे गुडघे दुखतात, हालचाल कमी होते, आणि चक्र पुन्हा सुरू. वजनकाट्याला यातलं काहीच दिसत नाही. काटा किलो सांगतो; त्यात चरबी किती आणि मांस किती, ते सांगत नाही.

आपल्या मातीत तर हा प्रश्न जन्मापासून सुरू होतो. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या या किडकिडीत बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानानं टिकलेली होती. आई अर्धपोटी राबते आणि मूल कमी स्नायू घेऊन जन्माला येतं. त्यातली मुलगी पुढे स्वतः अर्धपोटी वाढते. साठीतल्या मावशींच्या मांड्यांमधली कमतरता ही त्यांच्या भाकऱ्यांची मोजदाद करून कळणारी नाही. ती पिढ्यांची आहे.

इथं कुणी म्हणेल, आमच्या बायका दिवसभर राबतात, त्यांना कसला आलाय व्यायाम? प्रश्न रास्त आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं दिसलं, पुरुष ९७ मिनिटं. पण पाच तास ओट्याशी उभं राहणं, वाकून केर काढणं यानं थकवा येतो, कंबर धरते. ताकद वाढतेच असं नाही. नेहमीपेक्षा थोडा जास्त भार, मग विश्रांती, मग अन्न, असा क्रम मिळाला की स्नायू वाढतात. बाईच्या कामात भार तोच तो, विश्रांती नाही आणि अन्न शेवटचं.

काही जणी हळहळतात की जातं, उखळ, विहीर गेली आणि बायका नाजूक झाल्या. हे मला मान्य नाही. डोक्यावरचा हंडा उतरावा म्हणून आपण हंडा मोर्चे काढले, ते बरोबरच होतं. जात्यानं आणि हंड्यानं आपल्या आज्यांच्या मणक्यांचं काय केलं ते आपण पाहिलं आहे. मात्र भार उतरला तेव्हा त्या जागी काय आलं, याचा विचार आपण केला नाही. पुरुषाला तालीम होती, मैदान होतं; म्हातारपणीही पारावर, कट्ट्यावर फिरायला मोकळीक होती. बाईला सक्तीचे कष्ट होते, ते कमी झाल्यावर चार भिंती आणि टीव्ही. स्वतःसाठी, स्वतःच्या मर्जीनं शरीर वापरण्याची जागा तिला कधी मिळालीच नाही. आज बागांमध्ये उघड्या व्यायामशाळा बसवल्या आहेत. तिथं साडी नेसलेली साठीची बाई किती वेळा दिसते? दिसली तर तिच्याकडे बघून कोण हसतं?

आपल्या चळवळीनंही इथं स्वतःला तपासायला हवं. बाईच्या शरीरावर आपण खूप बोललो: हुंडाबळी, बलात्कार, गर्भलिंगनिदान, घातक गर्भनिरोधकं. सगळं आवश्यकच होतं. पण पाळी थांबली की बाई आपल्याही नकाशावरून पुसली जाते. सरकारचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मध्ये बायकांची उंची-वजनं मोजली, ती १५ ते ४९ वयाच्या बायकांची. मूल होण्याचं वय संपलं की मोजमापही संपलं. ४५ वर्षांपुढच्या माणसांची, हाताच्या पकडीची ताकदसुद्धा मोजणारी वेगळी देशव्यापी पाहणी २०१७-१८ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं केली, पण तिची चर्चा आपल्या शिबिरांत मी कधी ऐकली नाही.

बीडचंच उदाहरण घ्या. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. आपण त्यावर आवाज उठवला, समिती नेमली गेली. पण त्या बायकांचं पुढे काय? बीजकोशही काढले असतील तर पाळी थांबण्याचे सगळे परिणाम तिशी-चाळिशीतच सुरू होतात. ते ठेवले तरी पाळी लवकर थांबण्याची शक्यता वाढते. हाडांचं आणि स्नायूंचं म्हातारपण त्यांच्या वाट्याला वेळेआधी येऊ शकतं. मुकादमाच्या उचलीवर जगणाऱ्या बाईला मोळी उचलता आली नाही तर ती खाणार काय?

आणि एक बाई पडली की दुसरीही अडकते. सासूचा खुबा मोडला की नोकरी सुनेची जाते, किंवा लेक संसार टाकून माहेरी येऊन राहते. कुठल्याही घरात बाप किंवा मुलगा रजा टाकून बेडपॅन देतो आहे, असं मी तरी क्वचितच पाहिलं आहे. म्हणून ताकदीचा प्रश्न एकट्या म्हातारीचा नाही.

आता उपायाकडे. "जेवण सोड" हा उपाय नव्हे. नुसतं उपाशी राहून वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात आणि पुढे वजन परत आलं तर बहुतांशी चरबीच येते. २०२५ पासून वजन उतरवणारी महागडी इंजेक्शनं आपल्याकडे मिळू लागली आहेत. त्यांनाही हे लागू आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत १६० लठ्ठ वृद्धांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन सगळ्या व्यायामगटांचं सारखंच उतरलं, सुमारे नऊ टक्के. पण जे नुसते चालणे-फिरणे प्रकारचे व्यायाम करत होते त्यांच्या शरीरातला चरबी सोडून असलेला भाग पाच टक्के घटला. जे भार उचलत होते त्यांचा दोनच टक्के. दोन्ही प्रकार करणाऱ्यांची रोजची कामं करण्याची क्षमता सर्वांत जास्त सुधारली.

"आता या वयात काय होणार?" असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचे भार उचलण्याचे व्यायाम करून घेतले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९४ मध्ये शंभर वृद्धांवर पुन्हा प्रयोग झाला, तेव्हा नुसतं पोषक पेय दिलेल्यांची ताकद वाढली नाही. व्यायाम करणाऱ्यांची वाढली. तेव्हा टीव्हीवर जाहिरात होणारी पावडर डबाभर आणून काम भागणार नाही.

आपल्या गटांना काय करता येईल? पहिलं, तपासणी. न हलणारी खुर्ची घ्या, हात छातीशी बांधा आणि पाच वेळा उठून बसा. बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर ताकद कमी झाल्याची ती खूण आहे, असं आशियातल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये ठरवलं आहे. यंत्र नको, पैसे नकोत. दुसरं, आठवड्यातून दोनदा एकत्र व्यायाम: खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, पायरी चढ-उतार, टाचा उचलणं, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलणं. सोपं वाटू लागलं की भार वाढवायचा. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब किंवा गुडघ्यांचा मोठा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. तिसरं, ताट. वरणाचं पाणी नको, वाटीभर घट्ट वरण. मूठभर शेंगदाणे, एक अंडं, सुकट, उसळ, ताक यांतलं जे चालतं आणि परवडतं ते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला हवाच. आणि मुख्य म्हणजे घरात ते आधी वाढून घ्यायचं, उरलं तर नव्हे. हे तिसरं सगळ्यांत अवघड आहे, कारण तिथं घरातल्या माणसांशी गाठ आहे.

चौथं, मागण्या. सरकारी दवाखान्यांत फिजिओथेरपिस्ट हवा. पाहण्यांत पन्नाशीपुढच्या बायका हव्यात. रेशनवर नियमित डाळ हवी. आणि एसटीची पायरी! २०२३ पासून बाईला तिकीट अर्धं झालं, ते चांगलंच झालं. पण पायरी तिच्या गुडघ्याच्या वर असेल तर ती गाडीत चढणार कशी?

आमच्या समाजमंदिरात आता सहा खुर्च्या आहेत. सुरुवातीला मी घरी जाऊन मावशींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "हसलात त्याचं काही नाही गं, पण बोलावलं नाहीत त्याचं वाईट वाटलं." आज बैठकीची सुरुवात उठबशांनी होते, तरुण मुलीही करतात. मावशींना सतरंजीवरून अजून एकटीनं उठता येत नाही. खुर्चीवरून मात्र त्या हात न टेकता पाचही वेळा उठतात. पहिल्यांदा तीनच जमल्या होत्या. रात्रीचं वरण पुन्हा सुरू झालं आहे, सोमवार अजून सुटलेला नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात कोण यायची थांबली आहे, ते एकदा आठवून पाहा. तिच्या घरी जा. आणि जाताना वजनाची चौकशी करू नका, ताकदीची करा. अनुभव जरूर कळवा.