हिरव्या पाण्यातला साठेबाज

उन्हाळ्याच्या तोंडावर तळ्याचे पाणी हिरवे दिसू लागले, की ठरलेली धावपळ सुरू होते. वरचा थर काढायचा, औषध मारायचे, पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. अहवालात विरघळलेले फॉस्फेट कमी आले, की तळे सुधारल्याचे जाहीर होते. हा दिलासा फसवा ठरू शकतो, कारण पाण्यात न सापडलेले फॉस्फेट शेवाळाच्या पोटात दडलेले असते.

क्लॅमिडोमोनास किंवा क्लोरेला हे हिरवे शेवाळ म्हणजे एकच पेशी. तिला तोंड नाही की मुळे नाहीत. पेशीच्या पटलात बसलेली प्रथिने पाण्यातले नत्र आणि स्फुरद आत ओढून घेतात व त्यासाठी ऊर्जा खर्च करतात. नायट्रेट आणि अमोनियम दोन्ही असतील, तर पेशी सहसा आधी अमोनियम उचलते. नायट्रेटचे आधी अमोनियममध्ये रूपांतर करावे लागते, ते महागात पडते. नत्र संपत आले, की पेशी विभाजन थांबवते आणि स्टार्च व तेल साठवू लागते.

स्फुरदाच्या बाबतीत मात्र ती पक्की साठेबाज आहे. फॉस्फेट मुबलक असताना ती गरजेपेक्षा जास्त घेते आणि त्याच्या लांब साखळ्या करून आत ठेवते. क्लॅमिडोमोनासची पेशी दिवसा उजेडात वाढते आणि रात्री एकीच्या दोन, चार, आठ, कधी सोळाही होतात. आईच्या साठ्यातला वाटा लेकींना मिळतो. त्यामुळे बाहेरचे फॉस्फेट संपले, तरी वाढ काही काळ चालूच राहते. टंचाई आणखी वाढली, तर पेशी अशी विकरे बाहेर सोडते, जी सेंद्रिय पदार्थांतून फॉस्फेट सुटे करतात.

अशा जिवाशी फवारणीने लढणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे. पेशी मरून कुजल्या, की साठवलेले फॉस्फेट पुन्हा पाण्यात आणि गाळात येते. कुजताना प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. पुढच्या पिढीच्या शेवाळाला खाद्य तयारच असते.

म्हणूनच तळ्याच्या तपासणीत केवळ विरघळलेले फॉस्फेट नव्हे, तर पेशींतले धरून एकूण फॉस्फरस मोजला पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो येतो कुठून, हे पाहिले पाहिजे. सांडपाणी, धुण्याची पावडर, शेतातून वाहून येणारे खत हे त्याचे नेहमीचे मार्ग. नेहमीच्या पद्धतीच्या शुद्धीकरण केंद्रात सेंद्रिय घाण कमी होते, पण खास सोय केल्याखेरीज फॉस्फरस पुरेसा निघत नाही.

हे खर्चिक आहे, हा आक्षेप खरा आहे. पण उपाय लागू पडतो, याचा दाखला आहे. अमेरिकेत सिएटलजवळच्या वॉशिंग्टन तलावात जाणारे सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने वळवले गेले. तिथला त्रास निळ्या-हिरव्या शेवाळाचा होता, पण खाद्य तेच, फॉस्फरस. तो आटला, तसे पाणी काही वर्षांत निवळले. प्रत्येक गावाला सांडपाणी असे दुसरीकडे वळवता येणार नाही आणि जुना गाळ काही वर्षे फॉस्फरस सोडत राहील. तरीही दरवर्षी फवारणीचे नवे कंत्राट काढण्याआधी तळ्याला मिळणाऱ्या नाल्यांचे पाणी तपासायला हवे आणि ते आकडे गावापुढे मांडायला हवेत.