आकाशातले मीटर आणि सातपुड्याचे जंगल



दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रात राबणाऱ्या बांधवांना एक गोष्ट कुणी शिकवायला नको. कंट्रोल रूममधला मीटरचा काटा हलला की पाळीवरचा माणूस जागेवर जाऊन पाहून येतो. काटा नुसते काहीतरी बिघडल्याचे सांगतो. कशाने बिघडले ते बॉयलरजवळ गेल्याशिवाय कळत नाही.

तापीपलीकडे यावल-रावेरच्या वर जो सातपुडा उभा आहे, त्याच्या जंगलालाही आता असे मीटर बसले आहे. ते शेकडो किलोमीटर उंचीवरून फिरते. त्याला उपग्रह म्हणतात. त्याच्या चित्रांवरून जंगल किती उरले ते मोजतात. जंगलात पोट भरणाऱ्या गरिबाची जमीन राहणार की जाणार, हे ठरवतानाही तीच चित्रे पुढे येतात. म्हणून हे मीटर कसे चालते, हे आपल्या घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आम्हांस वाटते.

डेहराडूनला भारतीय वन सर्वेक्षण नावाची सरकारी संस्था आहे. ती साधारण दर दोन वर्षांनी देशातल्या जंगलाचा अहवाल काढते. पहिला अहवाल १९८७ साली निघाला, तेव्हा चित्रे अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाची होती. मार्च १९८८ मध्ये आपल्या देशाचा आयआरएस-१ए हा उपग्रह आकाशात गेला आणि पुढे आपलीच चित्रे वापरात आली.

ही चित्रे बारीक चौकोनांची बनलेली असतात. संस्थेने अनेक वर्षे वापरलेल्या चित्रांत एका चौकोनाची बाजू साडेतेवीस मीटर, म्हणजे जमिनीवरचे सुमारे साडेपाच गुंठे. एक एकराचे शेत अशा सात चौकोनांत संपते. एक हेक्टरहून मोठ्या जागेवर झाडांच्या शेंड्यांची सावली शंभरात दहा भाग असली, की ती जागा वनाच्छादनात धरतात. सत्तर भागांवर गेली तर अतिदाट जंगल म्हणतात. साग उन्हाळ्यात पाने गाळतो. मे महिन्यात पाहिले तर उभे जंगलही उजाड वाटेल. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातली चित्रे घेतात.

या विद्येचा उपयोग मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. यावल अभयारण्य १९६९ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १७५ चौरस किलोमीटर, पलीकडे मध्य प्रदेशची हद्द. एवढ्या डोंगरदऱ्यांत वनरक्षक किती फिरणार? दोन सालांची चित्रे शेजारी ठेवली, की अंजन आणि सालईचे रान कुठे विरळ झाले ते नकाशावर उमटते. वणव्याचेही तसेच. २००४ पासून ही संस्था उपग्रहावरून आगीची सूचना देते. आता ती सूचना वन कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर येते. पूर्वी धूर दिसेपर्यंत डोंगर जळून गेलेला असे.

पण मीटर ते मीटरच. आगीची सूचना देणाऱ्या एका उपग्रहाचा चौकोन ३७५ मीटर बाजूचा आहे, म्हणजे सुमारे १४ हेक्टर. त्यातली उष्णता त्याला कळते. मोह वेचण्यासाठी पाचोळा पेटवला, तेंदूला कोवळी पाने यावीत म्हणून आग लावली, की लाकूडचोराने खुणा पुसल्या, हे त्याला कळत नाही. सावली मोजणाऱ्याचेही तेच. एकीकडे शंभर वर्षांचे रान तुटले आणि दुसरीकडे तेवढीच आंब्याची बाग वाढली, तर एकूण आकडा तसाच राहतो. कारण या मोजणीत बागही धरली जाते. डोक्यावर मोळी घेऊन उतरणारी बाई त्या चित्रात नसते आणि लाकडाचा ट्रक भरणारा व्यापारीही नसतो. उघडी पडलेली जमीन तेवढी दिसते. मग त्या जमिनीवर जो हाताशी सापडतो, त्याच्यावर बोट जाते. सापडतो तो बहुधा पावरा, भिल्ल, तडवी नाहीतर आपल्यातला भूमिहीन.

ही भीती उगाच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क दिला. आदिवासी नसलेल्या वननिवासींना मात्र त्या तारखेआधी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. जंगलकाठच्या दलित कुटुंबांना हीच अट लागू आहे. आता हिशेब करा. ७५ वर्षे मागे गेले की १९३० साल येते. जगातला पहिला कृत्रिम उपग्रह १९५७ साली उडाला. पहिला लँडसॅट १९७२ चा. मग १९३० साली आपला आजा कुठे राहत होता, याची साक्ष उपग्रह कशी देणार?

तरीही चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावे फेटाळले गेले. शेजारच्या गुजरातेत हे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि केवळ उपग्रहचित्रावरून दावा नाकारता येणार नाही, असा निकाल २०१३ साली लागला. त्याआधी सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने नियमातच लिहिले होते की उपग्रहचित्र इतर पुराव्याला जोड देऊ शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही. पुढे १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला आणि याच वन सर्वेक्षण संस्थेला उपग्रहावरून अतिक्रमणे दाखवायला सांगितले. देशभर गलका झाला. २८ फेब्रुवारीला न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ते पंधरा दिवस डोंगरातल्या घरांनी कसे काढले असतील, याचा विचार करा.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन १९५९ साली खानदेशातले भूमिहीन जमिनीसाठी तुरुंगात गेले. त्या वेळी लढाई सातबाऱ्याची होती. आज सातबाऱ्याच्या शेजारी नकाशा येऊन बसला आहे. तेव्हा नकाशाही वाचायला शिकले पाहिजे.

काय करावे? आयटीआय किंवा डिप्लोमा करणाऱ्या मुला-मुलींनी मोबाईलवर इस्रोचे भुवन किंवा गूगल अर्थ उघडावे. गूगल अर्थमध्ये मागच्या सालांची चित्रेही मिळतात. जंगलकाठच्या नातेवाइकांना त्यांचे शेत त्यात दाखवावे. शेतात उभे राहून मोबाईलवर अक्षांश-रेखांश लिहून घ्यावेत. घर, विहीर, बांध यांच्या खुणा नोंदवाव्यात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब लेखी घ्यावेत, कायदा तो पुरावा मानतो. दावा फेटाळला तर कारण लेखी मागावे आणि ६० दिवसांच्या आत वरच्या समितीकडे जावे. ग्रामसभेत आपल्या बायाबापड्यांनीही बसावे. कोणत्या नाल्यात मोह आहे आणि कुठले रान कधी तुटले, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते.

आणि हेही ध्यानात ठेवावे. नवे रान तोडून कुणी आपली जमीन म्हणत असेल, तर त्याच्या बाजूने उभे राहू नये. २००५ नंतर कुठे कुऱ्हाड पडली, हे चित्र चोख सांगते. खरा कसणारा आणि नवा तोडणारा यांतला फरक त्याने उघड होतो. ज्याचा दावा खरा आहे त्याने या मीटरला भिऊ नये. फक्त काटा पाहून निकाल देणाऱ्याला, साहेब, आधी जागेवर चला, असे ठणकावून सांगावे.