पर्लकोटेचा पूर कोणाच्या स्मरणात?

मार्च १८८८ मध्ये न्यूयॉर्कवर हिमवादळ कोसळले. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या वाचकास दारापुढे साचलेल्या बर्फाच्या राशींची कल्पना करणे कठीणच! परंतु तारायंत्राचे खांब मोडले, उन्नत मार्गावरील गाड्या जागीच अडकल्या, शहरात सुमारे दोनशे माणसे दगावली आणि एवढे मोठे नगर काही दिवस पांगळे झाले. त्या नगराने हे दिवस केवळ आठवले नाहीत. डोक्यावर लोंबणाऱ्या तारा जमिनीखाली गेल्या. १९०४ मध्ये सुरू झालेल्या भुयारी रेल्वेच्या मागणीलाही त्या वादळाने बळ दिले.

मुंबईच्या स्मरणात तसाच दिवस आहे तो २६ जुलै २००५ चा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल गाड्या थांबल्या आणि असंख्य माणसे रात्रभर पाण्यातून चालत राहिली. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, मिठी नदीसाठी प्राधिकरण स्थापन झाले. त्यांच्या फलिताविषयी मतभेद असोत. आपण जिला गटार समजत होतो ती नदी आहे, एवढे तरी महानगरास उमगले. दरवर्षी त्या तारखेस वृत्तपत्रे तिची आठवण काढतात, ते योग्यच आहे.

परंतु आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडला अशी एखादी तारीख सांगता येत नाही, कारण तेथे पूर एकदाच येऊन थांबत नाही. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमापाशी हे तालुक्याचे गाव वसले आहे. अबुझमाडच्या डोंगरांत पाऊस झाला की पर्लकोटा फुगते. त्याच वेळी इंद्रावती दुथडी भरलेली असली, तर पाण्यास पुढे वाट मिळत नाही आणि ते मागे दाटते. वर्षानुवर्षे ठेंगणा पूल पाण्याखाली जात आला, आलापल्लीकडील रस्ता तुटत आला. २०१९ च्या पावसाळ्यात तर गावाची बाजारपेठ पुनःपुन्हा बुडाली.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पावसाळ्यापूर्वी दुर्गम गावांत काही महिन्यांचे धान्य पोचविले जाते. दिवस भरत आलेल्या स्त्रियांना आधीच रुग्णालयाजवळ आणून ठेवले जाते. त्यासाठी झटणाऱ्या कर्मचाऱ्यांचे श्रम मोठे आहेत. मात्र या व्यवस्थेचे गृहीतकृत्य काय, तर तालुका तुटणारच! मुंबई एक दिवस तुटली तर ती आपत्ती ठरते, भामरागड तुटले तर तो कार्यालयीन वेळापत्रकाचा भाग होतो.

उंच पुलाने रस्ता वाचेल, बाजारपेठ वाचणार नाही. वाटेवरील नालेही तसेच राहतील. म्हणून संगमावरील पाण्याच्या फुगवट्याचा चितळे समितीसारखाच साक्षेपी अभ्यास व्हावा, आणि छत्तीसगडातील पावसाची वार्ता तासातासाला भामरागडच्या तहसील कचेरीत पोचावी. रस्ता किती दिवस बंद होता, किती रुग्ण काठावरून परत फिरले, किती शाळा शिक्षकांविना राहिल्या, याची नोंदवही दर पावसाळ्याअखेर जनतेपुढे उघडी ठेवण्यास तर फारसा खर्चही नाही.