गोड फळाचे बी आणि आमचा गैरसमज

दसरा-दिवाळीच्या दिवसांत दौलताबादच्या डोंगराकडच्या आया-बहिणी सीताफळांच्या पाट्या घेऊन शहरात येतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका पाटीतले मोठे, साखरेसारखे सीताफळ आम्ही खाल्ले आणि त्याचे बी अंगणात लावले. चार वर्षांनी फळे धरली. पण ती लहान, बियांनी भरलेली, गर चमचाभर! आम्ही पत्नीला म्हणालो, "पाणी नीट घातले नसशील." ती म्हणाली, "बी तुम्हीच लावलं होतं ना?"

वाचकहो, खरी चूक आमच्या समजुतीची होती. बियात गुण दोन्हीकडून येतात, फळ देणाऱ्या झाडाचे आणि पराग देणाऱ्या फुलाचे. सख्खी भावंडे तरी कुठे सारखी असतात? तसेच हे. सफरचंदाचेही असेच आहे. गाड्यावरचे लाल डिलिशियस सफरचंद अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील एका शेतात आपोआप उगवलेल्या झाडाचे. त्याचेच कलम करीत ते जगभर गेले. बी लावून ते मिळत नाही.

सीताफळातही वाणावाणांत फरक आहे. बालानगर गोड, पण बिया पुष्कळ. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने संकरातून काढलेल्या अर्का सहानमध्ये बिया कमी, आणि ते सावकाश पिकते. बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथील शेतकरी नवनाथ कसपटे यांनी निवडलेले एनएमके-१ गोल्डन आकाराने मोठे, गर भरपूर आणि टिकाऊ.

टिकण्याचा गुण साधा समजू नका. गावरान फळ पिकले की लगेच मऊ पडते. मग पाटीवाल्या बाईला संध्याकाळी मिळेल त्या भावात माल द्यावा लागतो. तिची दिवसभराची मजुरी त्या फळाच्या वाणावर ठरते.

म्हणून गावाकडे बांधावर किंवा दारात झाड लावायचे असेल, तर कलमच घ्या. खोडावरचा जोड डोळ्यांनी पाहा. जोडाखालून फुटवा आला तर खुडून टाका, नाहीतर चार वर्षे पाणी घालून गावरानच हाती येईल.

मात्र गावरानाला नावे ठेवू नका. कलम बांधतात ते गावरान रोपाच्याच खुंटावर. वरच्या फळाचे नाव होते, पण माळरानात मुळे धरून उभा राहतो तो खालचा खुंट.

आणि हो, पत्नीची माफी आम्ही मागितली आहे.