एका एलपीची कारकीर्द

रूपा बिस्वास यांची ध्वनिमुद्रित कारकीर्द एका एलपीत मावते. नाव ‘डिस्को जॅझ’, साल १९८२, गाणी चार. कोलकात्याच्या या गायिका कॅनडात कॅलगरीला भावाकडे गेल्या होत्या. तिथल्या विद्यापीठात झालेलं त्यांचं गाणं सरोदवादक आशिष खाँ यांच्या कानावर पडलं आणि त्यातून ही तबकडी झाली. तबल्याला आशिष खाँचे बंधू प्राणेश खाँ. ‘आज शनिबार’ एकदा ऐकाच. बासचा ठेका सुटत नाही, सरोद मध्येच हक्काने घुसतो आणि रूपांचा आवाज या गर्दीत जराही घाई करत नाही. गळा दाखवायचा अट्टहास नाही, हे विशेष. डिस्कोत तो मोह भल्याभल्यांना आवरत नसे.

काळही काही वाईट नव्हता. १९८० साली ‘कुर्बानी’तून नाझिया हसन घरोघरी पोचली होती, पुढच्याच वर्षी ‘डिस्को दीवाने’ आलं, तर ‘डिस्को डान्सर’ १९८२चाच. पण नाझियाला आधी सिनेमाने हात दिला होता. रूपांच्या पाठीशी ना सिनेमा होता, ना जाहिरात. कोलकात्याच्या मेगाफोन कंपनीने तबकडी काढली. ती खपली नाही आणि दुसरी कधी निघालीच नाही.

पुढे इंटरनेटवर कुणी तरी ती गाणी चढवली, परदेशातले शौकीन जुन्या प्रतींसाठी वाटेल ते मोजू लागले आणि २०१९ साली शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने तो एलपी नव्याने काढला. मग ‘हरवलेला ठेवा सापडला’ म्हणून कौतुक झालं. हरवू कुणी दिला, याची चौकशी मात्र कुणी केली नाही.

ती केली तर बोट कायद्याकडेही जातं. १९५४च्या कायद्यानुसार देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत चार ग्रंथालयांकडे पाठवावी लागते. त्यांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे, तसंच मुंबईतलं एशियाटिकमधलं केंद्रीय ग्रंथालयही. पुढे वृत्तपत्रंही त्या कायद्यात आली. ध्वनिमुद्रिका मात्र आजही बाहेरच. म्हणजे रूपांवर कुणी चार पानी पुस्तिका छापली असती, तर ती त्यांच्याच गावात सरकारी कपाटात राहिली असती. त्यांचं गाणं ठेवायला कुणी बांधील नव्हतं. नाट्यपदं, लावण्या, भावगीतं यांच्या मराठी तबकड्यांनाही हाच नियम लागू आहे. केंद्र सरकारने या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा समावेश करावा. दुरुस्ती एका कलमाची आहे.